प्राणी शेवटी बघा: जुन्या जपानी त्सुबा जमवू पाहणाऱ्यांसाठी

माझी पहिली त्सुबा, म्हणजे जपानी तलवारीच्या मुठीपुढची चकती, ओतीव निघाली, साच्यातून काढलेली नक्कल. जपानमध्ये नोकरीला होतो तेव्हाची गोष्ट. देवळाच्या आवारात भरणाऱ्या एका बाजारात, जमिनीवर अंथरलेल्या निळ्या ताडपत्रीवर ती पडली होती: लाटांवरून झेप घेणारा ससा, कान मागे पडलेले, पुढचे पाय आखडलेले, खाली फेसाच्या तीन कुरळ्या. ८ हजार येन. मी घासाघीससुद्धा केली नाही. घरी येऊन खिडकीपाशी धरली आणि मधल्या भोकाच्या आतल्या भिंतीवर नखाला काहीतरी लागलं. केसाएवढी उभारलेली रेघ होती, दोन साच्यांचा सांधा. विकणाऱ्यानं फसवलं असंही म्हणता येत नाही, कारण ‘जुनी आहे’ असं तो एकदाही बोलला नव्हता. ससा बघितल्यावर बाकीचं बघायचं मीच सोडलं होतं.

म्हणून या छंदात नव्यानं येणाऱ्यांना माझं एकच सांगणं असतं. प्राणी शेवटी बघा. आपण या वस्तूंकडे वळतो तेच प्राण्यांमुळे, आणि नकली माल बनवणाऱ्यालाही ते पक्कं ठाऊक असतं.

आधी ही चकती काय आहे ते

त्सुबा म्हणजे जपानी तलवारीचं पातं आणि मूठ यांच्या मधली चकती. आपल्याकडच्या तलवारीच्या मुठीला बोटांपुढून वळलेली परज असते, तशी तिथे नसते. हात घसरून पात्यावर जाऊ नये आणि तलवारीचा तोल राहावा, ही दोन्ही कामं ही चकतीच करते. तलवार सुटी केली की ती सहज बाहेर निघते, त्यामुळे पूर्वीही लोक प्रसंगानुसार ती बदलत. लांब कातानाची त्सुबा साधारण ७ ते ८ सेंटिमीटरची, आखूड वाकिझाशीची त्याहून सेंटिमीटरभर लहान.

चार-पाच शब्द तोंडी बसवून घ्या, विक्रेत्याशी बोलताना लागतात. मधलं पाचरीसारखं भोक म्हणजे नाकागो-आना, त्यातून पात्याचं शेपूट जातं. त्याचं निमुळतं टोक वर करून त्सुबा धरायची. भोकाभोवतीचा लंबगोल सपाट भाग सेप्पा-दाई, त्यावर तांब्याच्या पातळ चकत्या म्हणजे सेप्पा बसतात. शेजारी बहुधा आणखी एक-दोन भोकं असतात: अर्धचंद्राच्या आकाराचं म्यानात अडकवलेल्या छोट्या सुरीसाठी, नागमोडी कडेचं केस सारखे करायच्या कोगाई नावाच्या सळईसाठी. कडेला मिमी म्हणतात, म्हणजे कान.

एदो काळात, १६०३ ते १८६८, जपानमध्ये लढाया जवळजवळ थांबल्या. सामुराई दोन तलवारी कमरेला लावून कचेरीत जाऊ लागले आणि तलवारीचं सामान हे हौसेचं, ऐपत दाखवायचं ठिकाण झालं. पुढे १८७६ साली तलवार बाळगायला बंदी आली, कारागिरांचं काम एका फटक्यात गेलं आणि त्सुबांचे ढीग परदेशी व्यापाऱ्यांनी उचलले. आज बाजारात इतका माल दिसतो तो यामुळे. त्याच सुमारास योकोहामा बंदरातल्या व्यापारासाठी खास परदेशी गिऱ्हाइकांकरता भडक, कधीही तलवारीवर न चढलेल्या त्सुबाही बनल्या. त्यांना ‘हामामोनो’ म्हणतात. त्या जुन्या खऱ्याच, पण त्यांचा भाव वेगळा आणि मानही वेगळा.

धातू

लोखंड ओळखू येतं. बाकीचे मिश्रधातू शिकावे लागतात. शाकुदो म्हणजे तांब्यात थोडंसं सोनं, साधारण ३ ते ५ टक्के. रसायनात उकळल्यावर त्यावर कावळ्याच्या पिसासारखा निळसर काळा रंग चढतो. शिबुइची या शब्दाचा अर्थच ‘चौथा हिस्सा’: तांब्यात साधारण पाव भाग चांदी, रंग राखाडीपासून तपकिरीपर्यंत. पितळेच्या जातीच्या मिश्रधातूला सेंतोकू म्हणतात. हे रंग म्हणजे वरचा अगदी पातळ थर असतो, रंगवलेला नव्हे तर धातूतून उमटवलेला. पुढे निगराणीचा विषय येईल तेव्हा हे आठवा.

एक प्राणी निवडा, आणि त्याची गोष्ट शोधा

सगळंच आवडतं म्हणून सगळंच घेणाऱ्याचा संग्रह होत नाही, डबा भरतो. एखादा प्राणी, एखादा प्रांत किंवा कामाची एखादी पद्धत धरून चाला. प्राणी धरलात तर त्यामागची गोष्टही शोधा, कारण जपानी कारागीर प्राणी नुसता शोभेसाठी क्वचितच कोरतो.

ससा आणि लाटा घ्या. चंद्रावरचा डाग आपल्याला ससा वाटतो, म्हणून चंद्राला शशांक म्हणतो. जपानी माणसालाही तिथे ससाच दिसतो. भुकेल्या अतिथीसाठी स्वतःला आगीत झोकून देणाऱ्या सशाची जातककथा बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे तिकडे पोचली. मग लाटा कुठून आल्या? बिवा सरोवरातल्या चिकुबु बेटावर बेतलेल्या एका नो नाटकात (नो हा जुना जपानी नाट्यप्रकार), पाण्यावर चंद्राचं बिंब पडलंय म्हणजे ससाही लाटांवरून धावतोय की काय, अशी कल्पना आहे. तेव्हापासून ससा आणि लाटा ही जोडी झाली. चंद्र दाखवायचीही गरज उरली नाही.

पाण्यातल्या चंद्राला हात घालणारं माकड हेही आपल्याकडून गेलेलं. विहिरीत पडलेला चंद्र काढायला माकडं एकमेकांची शेपटी धरून लोंबतात, फांदी मोडते आणि सगळी पाण्यात पडतात, ही कथा बौद्ध विनयग्रंथातली. त्सुबेवर बहुधा एकच माकड असतं आणि त्याचा हात वाजवीपेक्षा फार लांब. चूक नाही ती. तो गिबन आहे, जो जपानमध्ये नसतोच. चिनी शाईचित्रांतून उचललेला. आखूड शेपटीचं, लाल तोंडाचं जपानी माकड दिसलं तर विषय वेगळा असतो.

वाघाचीही तीच तऱ्हा. जपानमध्ये वाघ नाही. कारागिरांनी पाहिली ती कातडी आणि चिनी-कोरियन चित्रं, राहिलेली भर घरच्या मांजरानं घातली. ताडोबा पाहिलेल्या आपल्यासारख्यांना हे बांबूतले वाघ बघून हसू येतं. आणखी एक गंमत अशी की बिबट्या ही वाघाची मादी आहे असा तिकडच्या चित्रकारांचा समज होता, म्हणून वाघाच्या शेजारी ठिपक्यांचा प्राणी दिसला तर दचकू नका. हत्तीचं म्हणाल तर १७२८ साली खऱ्याखुऱ्या हत्तींची जोडी व्हिएतनामहून नागासाकीला उतरली आणि त्यातला नर पुढच्या वर्षी चालत एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला, पोचला. त्याआधी बहुतेकांचा हत्ती देवळातल्या चित्रांवरून बेतलेला, आणि त्याचे डोळे माणसासारखे.

चतुर हा किडा सामुराईंना प्रिय. तो पुढेच उडतो, मागे सरत नाही असं मानत, म्हणून त्याचं नाव ‘काचीमुशी’, विजयाचा किडा. करकोचा आणि कासव म्हणजे दीर्घायुष्य, धबधबा चढणारा मासा म्हणजे चिकाटी. हे पाठ होतं लवकर.

ठरावीक प्राणी ठरावीक घराण्यांशी जोडलेलेही आहेत. एचिझेन प्रांतातले किनाई लोखंडात कोरून काढलेल्या वेटोळ्यांच्या ड्रॅगनसाठी, हिगो प्रांतातल्या यात्सुशिरोचे जिंगो लोखंडावर जाड पितळी बहिरी ससाण्यासाठी, एदोचे इशिगुरो फुलं-पाखरं आणि शिकारी पक्ष्यांसाठी. कानो नात्सुओ (१८२८–१८९८) याच्या माशांपुढे तर बोलणं खुंटतं. पुढे मेइजी सरकारच्या नाण्यांचं कामही त्याच्याकडे गेलं. सगळ्यांत विचित्र प्राणी मात्र समुद्रकाकडी. ती कोरीवकामातून आरपार कापलेली, दोन ओबडधोबड लांबट भोकांसारखी. ही रचना प्रसिद्ध तलवारबाज मियामोतो मुसाशी याची मानली जाते. आयुष्याची शेवटची वर्षं तो हिगोतच होता, १६४५ साली तिथेच वारला. सांगितल्याशिवाय त्यात प्राणी आहे हे कुणालाही कळणार नाही, आणि मला ती फार आवडते.

नवख्यानं सुरुवात कुठून करावी? माझं मत: सही नसलेली, लोखंडी, आरपार कापलेली त्सुबा. जपानीत त्या कामाला सुकाशी म्हणतात. उडत्या रानबदकांची सुकाशी असंख्य आहे आणि परवडते. वेलींच्या जाळीत दोन ड्रॅगन गुंतलेल्या ‘नानबान’ त्सुबाही पुष्कळ मिळतात, सहसा स्वस्त. सोन्याचांदीच्या जडावाकडे पहिली दोन वर्षं जाऊ नका.

घेण्याआधी सहा महिने नुसतं बघा

हे कुणालाच रुचत नाही, मलाही रुचलं नव्हतं. पण खरा माल हजार वेळा पाहिल्याशिवाय खोटा ओळखू येत नाही. तोक्योत असाल तर उएनोचं राष्ट्रीय संग्रहालय आणि र्योगोकूचं तलवार संग्रहालय, २०१८ पासून ते तिथे आहे. घरबसल्या बघायचं तर बोस्टनचं ललितकला संग्रहालय, न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन, लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, या सगळ्यांच्या संकेतस्थळांवर त्सुबांची मोठी, जवळून घेतलेली छायाचित्रं फुकट बघता येतात. मुंबईकरांनी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या टाटांच्या संग्रहातलं चिनी-जपानी दालन डोळ्यांखालून घालावं. तिथे त्सुबाच शोधू नका. पूर्वेकडचं धातूकाम आणि नक्षी जवळून कशी दिसते, याची सवय करायला जा.

हातात आल्यावर

आधी विचारा, मग उचला. उचलताना कडेनं धरा, खाली मऊ कापड किंवा दुसरा तळवा असू द्या. आता बघायचा क्रम.

पहिलं, नाकागो-आना. खरोखर तलवारीवर चढलेल्या त्सुबेचं हे भोक क्वचितच स्वच्छ राहतं. एका पात्यावरून दुसऱ्यावर जाताना ते कानशीनं वाढवलेलं असतं, किंवा सैल झालं म्हणून वर-खाली तांब्याचे तुकडे ठोकलेले असतात. या तुकड्यांना सेकिगाने म्हणतात. भोकाभोवती छिन्नीचे टोचेही दिसतात, धातू आत सरकवून पकड घट्ट करण्यासाठी मारलेले. हे सगळे घाव म्हणजे दोष नव्हेत, वापराची खूण आहे. मात्र नकली बनवणारेही आता टोचे मारतात, तेव्हा ते टोचे कशासाठी आहेत हे बघा. पात्याच्या बाजूंना पकड देतील असे असले तर ठीक. नुसतेच शोभेला चौफेर मारलेले असले तर त्सुबा खाली ठेवा.

दुसरं, भोकांच्या आतल्या भिंती. माझ्या सशानं इथेच दगा दिला. छोटं भिंग आणि मोबाइलचा दिवा पुरतो. आरपार कापलेल्या कामात भिंतीवर करवतीचे-कानशीचे ओरखडे असतात, कोपरे धारदार किंवा वापरानं गुळगुळीत झालेले. ओतकामात सांध्याची रेघ, सुईच्या टोकाएवढे हवेचे खड्डे आणि विरघळलेल्या साबणासारखे कोपरे.

तिसरं, सेप्पा-दाई. वर्षानुवर्षं तिथे तांब्याची चकती दाबून बसलेली असते, त्यामुळे त्या लंबगोलाचा रंग आणि पोत बाकीच्या पृष्ठभागाहून थोडा निराळा असतो. सगळीकडे एकसारखा काळा रंग असेल तर तो परवा चढवलाय का, असं स्वतःला विचारा.

चौथं, कडा. काही जुन्या लोखंडी त्सुबांच्या कडेवर अंगठा फिरवला की लहान गाठी लागतात, लोखंडाचे कठीण दाणे वर आलेले. त्यांना तेक्कोत्सू म्हणजे लोखंडाची हाडं म्हणतात. ओवारी प्रांताकडच्या कामात ही हाडं रसिक मुद्दाम शोधतात. चांगल्या लोखंडाचा रंग काळा नसतो, पिकलेल्या जांभळासारखा असतो. ही नजर यायला वेळ लागतो.

आता प्राणी बघा. आणि बघताना तो गोंडस आहे का, असा प्रश्न नको. सुकाशीत प्राण्याचं अंगच चकतीला धरून ठेवतं, तेव्हा दोन करकोच्यांचे पंख कडेला जिथे मिळतात तिथे थांबा. चांगल्या कारागिराचा पंख कडेत असा विरतो की पंख कुठे संपला नि कडा कुठे सुरू झाली हे बोटाला कळत नाही. कच्च्या कामात तिथे नुसता पूल असतो, चित्र अडकवायला ठेवलेला. उठावाच्या कामात डोळा, पंजा आणि पाठीमागची बाजू बघा. मागच्या बाजूला वाघाची शेपटी किंवा दोन लाटा आल्या असतील, आणि त्याही तेवढ्याच मन लावून केलेल्या असतील, तर त्सुबा पुन्हा एकदा उचलण्यासारखी आहे.

सही आणि कागद

सही बहुधा भोकाच्या डावीकडे असते. मोठं नाव दिसलं की सावध व्हा. यासुचिका, सोमिन, नात्सुओ या नावांच्या खोट्या सह्या त्यांच्या हयातीपासून होत आल्या आहेत, आणि हिकोनेच्या ‘सोतेन’ सहीच्या त्सुबा तर इतक्या आहेत की एका घराण्याला त्या करायला चार जन्म लागले असते. खोट्या सहीला गिमेई म्हणतात. सही नसलेली चांगली त्सुबा ही खोट्या सहीच्या चांगल्या त्सुबेपेक्षा कधीही बरी.

जपानी कलात्मक तलवारींच्या जतनासाठी १९४८ साली स्थापन झालेली संस्था, एनबीटीएचके, वस्तू तपासून प्रमाणपत्र देते. पायऱ्या अशा: होझोन, तोकुबेत्सू होझोन, जूयो आणि सगळ्यांत वर तोकुबेत्सू जूयो. नवख्याला होझोन पुरेसं आहे. कागदावरचं छायाचित्र आणि हातातली त्सुबा जुळवून बघा, एकेक ओरखडा. कागद एका त्सुबेचा आणि पेटीत दुसरी, हे घडतं.

कुठून, कितीला

देवळांचे बाजार फिरायला उत्तम: क्योतोत तोजीला २१ तारखेला, कितानो तेन्मांगूला २५ तारखेला. पण तिथे शिकलेल्या डोळ्यानं जावं. पहिली खरेदी तलवारीच्या सामानाच्या दुकानातून करा. तिथे चहा मिळतो, प्रश्नांना उत्तरं मिळतात, आणि पुढच्या वेळी तुमच्यासाठी काहीतरी बाजूला काढून ठेवलेलं असतं. शरद ऋतूत तोक्योत तलवार-व्यापाऱ्यांचा मोठा बाजार भरतो, दाई तोकेन इची. एका दिवसात जितक्या त्सुबा हाताळता येतील तितक्या वर्षभरात एरवी येणार नाहीत.

साधी, कागद नसलेली पण खरी लोखंडी त्सुबा मला १५ ते ४० हजार येनच्या दरम्यान मिळत आली आहे. होझोन कागद असला की आकडा सहज दुप्पट होतो. नामवंतांच्या कामाबद्दल बोलत नाही, ते आपल्या खिशाबाहेरचं. घासाघीस दुकानात हळू आवाजात, एकदाच. ‘थोडं कमी होईल का?’ एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं. पुण्याच्या तुळशीबागेतली पद्धत तिथे लावू नका.

ऑनलाइन लिलावात भोकाच्या भिंतीचा, कडेचा आणि मागच्या बाजूचा फोटो मागा. विकणारा देत नसेल तर पुढे जा. ‘घरातल्या जुन्या कोठारात सापडली’ ही गोष्ट कितीही छान रंगवलेली असली तरी तिची किंमत शून्य.

भारतात आणताना

पात्याविना सुटी त्सुबा हे शस्त्र नव्हे, जपानमध्ये तिला पात्यासारखी नोंदणी लागत नाही. तरी पार्सलवर नुसतं ‘तलवारीचा भाग’ असं लिहिलं की कस्टम्समध्ये चौकशी लागतेच. माझं एक पार्सल तीन आठवडे अडकून होतं. विक्रेत्याला धातू, अंदाजे काळ, मोजमाप आणि ‘सोबत पातं नाही’ हे स्पष्ट लिहायला सांगा, बिल खऱ्या किमतीचं लावा आणि शुल्क भरायची तयारी ठेवा.

याहून महत्त्वाचं म्हणजे परतीची वाट. आपल्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू देशाबाहेर पाठवण्यावर कडक बंधनं आहेत. इथे आणल्यावर ‘आता जपानला तपासणीला पाठवू’ म्हणालात तर गुंता होतो. प्रमाणपत्र करून घ्यायचं असेल तर त्सुबा जपानमध्ये असतानाच करा, विक्रेते ते काम करून देतात.

घरी आल्यावर

घासू नका. देवाची भांडी उजळायला आपला हात चिंचेकडे, लिंबाकडे जातो, तो आवरा. शाकुदोवरचा काळा थर एकदा गेला की तांबूस धातू दात दाखवतो, आणि तो रंग परत आणणं घरी जमणारं नाही. मऊ धातूच्या त्सुबेवरची धूळ मऊ कुंच्यानं झटकायची, बस्स.

लोखंडावर काळा-तपकिरी गंज असला तर तोच तिचा रंग आहे, राहू द्या. नारिंगी, पावडरीसारखा सुटणारा गंज असेल तर मात्र काढायचा, पण तारेच्या ब्रशनं किंवा गंज-निवारक द्रवानं नव्हे. जपानी लोक हरणाच्या शिंगाचा किंवा हाडाचा टोकदार तुकडा वापरतात. हाड लोखंडापेक्षा मऊ, त्यामुळे गंज सुटतो आणि खालच्या थराला धक्का लागत नाही. बांबूची काडीही चालते. रोज दहा मिनिटं, मग सुती कापडानं पुसणं. माझ्या एका रानबदकांच्या त्सुबेला पूर्ण पावसाळा लागला.

पावसाळ्याचं म्हणाल तर मुंबई, कोकण, गोवा इथे खारट दमट हवा लोखंडाची वैरी. जपानमध्ये त्सुबा किरीच्या हलक्या लाकडी पेटीत, कापसाच्या गादीवर ठेवतात, ती पेटी त्सुबेसोबतच मागून घ्या. ती पेटी झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, आणि जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी उघडून बघा. पुड्या ओल्या झाल्या असतील तर बदला. प्लॅस्टिकच्या पिशवीत थेट गुंडाळू नका, आत घाम धरतो.

प्रत्येक त्सुबेचा एक कागद ठेवा: कधी, कुठून, कितीला घेतली, वजन, तीन मापं, दोन्ही बाजूंचा फोटो, आणि घेताना ती काय आहे असं तुम्हाला वाटलं होतं ते. शेवटचा रकाना खोडू नका. माझ्या पहिल्या कागदावर अजून लिहिलेलं आहे: ‘ससा. बहुधा १८वं शतक.’